सदसद्विवेकबुद्धी : ईश्वरी देणगी की संस्कारांची कमाई?
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



वाचन, लेखन व गणित यांच्या प्रगतीचा आढावा आपण प्रत्येक परिषदेत घेतो. आज ज्या विषयाचा तक्ता भरता येत नाही, अशा एका विषयाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. तो विषय म्हणजे मुलाची सदसद्विवेकबुद्धी.

“जनाची नाही, तर मनाची तरी लाज बाळग,” असे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. या साध्या बोलात मोठे शास्त्र साठविलेले आहे. जनांची लाज बाहेरून येते. पाहणारे कोणी नसले की ती संपते. मनाची लाज मात्र एकांतातही पिच्छा सोडीत नाही. हे मन आपणांस टोचते, खाते, बोलते. त्याला हा अधिकार दिला कोणी, हा प्रश्न आहे.

धर्माने याचे उत्तर फार प्राचीन काळी दिले. मनूने धर्माची जी चार प्रमाणे सांगितली, त्यांत श्रुती, स्मृती व सदाचार यांच्या बरोबरीने स्वतःच्या अंतःकरणाच्या संतोषास स्थान दिले. कालिदासाचा दुष्यंतही संशयाच्या प्रसंगी सज्जनाच्या मनाचा कौल प्रमाण मानतो. बौद्ध धर्मात ‘हिरी’ व ‘ओत्तप्प’ या दोन वृत्ती जगाच्या रक्षक म्हणून सांगितल्या आहेत. पहिली दुष्कृत्याची मनोमन वाटणारी लाज आणि दुसरी त्याच्या परिणामांचे भय. कुराणात स्वतःस दोष देणाऱ्या आत्म्याचा उल्लेख आहे, तर अंतःकरणावर कोरलेल्या नियमाची गोष्ट संत पौलाने सांगितली. तात्पर्य, धर्म कोणताही असो, माणसाच्या आत एक साक्षीदार बसलेला आहे, यावर सर्वांचे एकमत दिसते.

परंतु येथे एक अडचण उभी राहते. हा आवाज देवाचाच असेल, तर तो सर्वांस सारखाच ऐकू यावयास हवा. इतिहास तसे सांगत नाही. याच महाराष्ट्रात शतकानुशतके शिवाशीव पाळली गेली. पाळणाऱ्यांपैकी पुष्कळ लोक एरवी पापभीरू होते. त्यांचे मन खात असे, पण ते स्पर्श झाला म्हणून. तहानलेल्यास पाणी नाकारले म्हणून नव्हे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा ते केवळ एका हक्कासाठी झगडत नव्हते. झोपलेल्या समाजमनालाही त्यांनी हालविले. मनाची टोचणीसुद्धा चुकीच्या जागी बसू शकते, हा धडा आपण विसरता कामा नये.

ही अडचण लोकमान्य टिळकांनी नेमकी ओळखली होती. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या सुमारास लिहिलेला त्यांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणात त्यांनी पाश्चात्त्यांच्या ‘सदसद्विवेकदेवते’चा परामर्श घेतला आहे. बरेवाईट निवडणारी कोणी स्वतंत्र देवता मनात बसलेली नाही. जी बुद्धी इतर सर्व गोष्टींचा निर्णय करते, तीच येथेही निर्णय करते. म्हणून ती बुद्धीच शुद्ध केली पाहिजे, असा त्यांचा अभिप्राय आहे. शिक्षकाच्या दृष्टीने हे वचन मोलाचे आहे. देवतेची पूजा करता येते, पण बुद्धीला शिक्षण देता येते.

आता मानसशास्त्र काय म्हणते ते पाहू. फ्रॉइडने १९२३ साली ‘पराहम्’ ही कल्पना मांडली. लहानपणी आईबापांनी केलेल्या आज्ञा व निषेध मुलाच्या मनात कायमचे वस्तीस येतात आणि पुढे आईबाप जवळ नसतानाही तेच त्याला दटावतात, असा तिचा सारांश आहे. यात सत्यांश आहे. पण सद्बुद्धी म्हणजे केवळ आत शिरलेला धाक नव्हे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांशी गोट्यांच्या खेळाबद्दल बोलून नियमांची त्यांची समज तपासली. लहान मुलांस नियम वडीलधाऱ्यांनी घालून दिलेला व अचल वाटतो. मोठ्या मुलांस तो सर्वांनी मिळून ठरविलेला व संमतीने बदलता येणारा वाटतो. एकाकडून चुकून पंधरा कप फुटले, दुसऱ्याकडून मुरंबा चोरताना एकच फुटला; अधिक दोषी कोण? लहान मुले पंधरा कपांकडे पाहतात, मोठी मुले हेतूकडे पाहतात. हे विवेचन १९३२ च्या त्यांच्या ग्रंथात आहे. ही वाढ धाकाने होत नाही, तर बरोबरीच्या मुलांशी खेळताना, भांडताना व समेट करताना होते.

अमेरिकेत हार्टशॉर्न व मे यांनी १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे अकरा हजार मुलांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली. एका प्रसंगी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगी लबाडी करताना आढळले. तेव्हा ‘हा मुलगा खोटारडा’ अशी चिठ्ठी कोणाच्या कपाळी चिकटविण्यापूर्वी आपण दहा वेळा विचार करावा.

धर्म व मानसशास्त्र यांत मला विरोध दिसत नाही. बीज माणसात आहे, असे धर्म म्हणतो. ते कोणत्या मातीत व कशा मशागतीने वाढते, हे मानसशास्त्र सांगते. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास हे निराळे समजावून देण्याची गरज नाही.

पिकलेल्या विवेकाचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्याने दिले आहे. वणी येथे १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे हे टिळकांचे अनुयायी होते. गांधीजींशी त्यांचे अनेक बाबतींत मतभेद होते. तरीही १० जुलै १९३० रोजी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी कायदा मोडला व कारावास पत्करला. पुढे १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी कैदेत एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले व सरकारने त्यांना मुक्त करण्यास नकार दिला, तेव्हा अणे, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार या तिघांनी आपल्या पदांचे राजीनामे दिले. मतभेद असूनही जे पटले नाही त्यात वाटेकरी व्हावयाचे नाही, हा तो निर्णय होता. तेथे जनांची लाज नव्हे, मनाची लाज बोलली.

आता आपल्या शाळेकडे वळू. छडीने मूल गप्प बसते, पण ते शिकते एवढेच की सापडता कामा नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली आहे. परंतु कायदा नसता तरी ही पद्धत निष्फळच ठरली असती. मुलाने दुसऱ्याची पेन्सिल घेतली, तर “हे पाप आहे” एवढे सांगून थांबू नये. ज्याची पेन्सिल गेली त्याला काय वाटले असेल, हे त्याच्याकडून वदवून घ्यावे व ती परत करण्याची वाट मोकळी ठेवावी. वर्गाचे नियम मुलांकडूनच ठरवून घ्यावेत.

सर्वांत मोठा पाठ मात्र आपण न बोलता देत असतो. कापूस वेचणीचे दिवस आले की अनेक मुले आईबापांबरोबर शेतात जातात. हजेरी घेताना अशा मुलाच्या नावापुढे ‘हजर’ लिहिले गेले, तर साहेबांच्या नजरेस ते कदाचित येणारही नाही. परंतु त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलास आपला मित्र कोणत्या शेतात आहे हे ठाऊक असते. त्या एका अक्षराने त्याला कळते की कागदावरचे खरे निराळे व डोळ्यांसमोरचे खरे निराळे. नंतर सत्यावर कितीही सुविचार फळ्यावर लिहिले, तरी ते पुसले जाण्यासाठीच असतात. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी करण्याची वेळ आली, हे आपणांस स्मरत असेल. पडताळणी जनांची लाज उत्पन्न करू शकते. मनाची लाज कोणत्याही परिपत्रकाने आणता येत नाही.

उपस्थिती कमी दिसली म्हणून कोणास जाब विचारला जाईल, ही भीती मी जाणतो. खरा आकडा कळविणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहणे हे आम्हा अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. खरा आकडा कळला, तरच त्या मुलाच्या घरी जाऊन आईबापांशी बोलता येईल आणि मूल शाळेत परत आणता येईल. खोट्या हजेरीने मूल कागदावर राहते व हातचे जाते.