भिंतीवरचं सर्टिफिकेट

मलकापूरला उतरलो की स्टेशनपासून गावात येईपर्यंत मी मेडिकलची दुकानं मोजतो. फार्मासिस्टची खोड! आज मोजता मोजता नाद सोडला. या दुकानदारांना एका मुठीत बांधणारा माणूस हा आजचा विषय: कल्याणचे जगन्नाथ उर्फ आप्पासाहेब शिंदे. एआयओसीडी या औषधविक्रेत्यांच्या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष. 2014 मध्ये ते राज्यपालनियुक्त आमदारही झाले. पण आमदारकी वजनामुळे आली, वजन आमदारकीमुळे नव्हे.

हे वजन आलं कुठून? किरकोळ केमिस्ट तसा एकटा जीव. कंपनी अवाढव्य, मध्ये स्टॉकिस्ट म्हणजे ठोक विक्रेता, आणि अत्यावश्यक औषधांच्या किमतीवर सरकारचा लगाम. 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशाने त्या औषधांवर दुकानदाराला 16 टक्के मार्जिन धरलं. त्यातच भाडं, फ्रीजचं वीजबिल, पोराचा पगार, आणि गावाकडची उधारी. एक्सपायरीचा माल कंपनीने परत घेतला नाही तर त्याने कुणाच्या दारात जायचं? संघटनेने त्याला ते दार दिलं. ऑनलाइन विक्रीविरुद्ध 14 ऑक्टोबर 2015 ला देशभर शटर खाली आली. 30 मे 2017 ला आणि 28 सप्टेंबर 2018 लाही आली. तेव्हा आठ लाखांवर सभासद आहेत, असं संघटना सांगायची.

पण हीच मूठ आपल्याच धंद्यातल्या माणसाच्या मानेवरही पडली. नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर कंपनीला आधी संघटनेची एनओसी, म्हणजे ना-हरकत, घ्यावी लागायची! ओडिशातला एक व्यापारी तक्रार घेऊन गेला आणि 19 फेब्रुवारी 2013 ला स्पर्धा आयोगाने संघटनेला 47 लाखांवर दंड ठोकला.

मला दंडापेक्षा दुसरंच खुपतं. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी आग्रह धरला की दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच. 1948 च्या फार्मसी कायद्याचंच ते सांगणं. तेव्हा राज्यातल्या विक्रेत्यांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. पुढे ऑनलाइनवाल्यांशी भांडताना मात्र मुद्दा काय, तर डॉक्टरची चिठ्ठी जाणत्या नजरेखालून गेली पाहिजे! मुद्दा खराच आहे; फक्त तो आपल्या काउंटरलाही लागू पडतो.

मी काही सोवळा नाही. डी. फार्म. झालो तेव्हा एक दुकानदार म्हणाला, ‘यायची गरज नाही, सर्टिफिकेट तेवढं लावू द्या, महिन्याला पैसे पोचते करतो.’ मी नकार दिला. तत्त्वासाठी नव्हे, आकडा फार लहान होता.

आज इकडे येताना घसा बसला म्हणून एका दुकानात शिरलो. भिंतीवर सर्टिफिकेट होतं, काउंटरवर वीस वर्षांचा पोरगा. विचारलं, फार्मासिस्ट कुठायत?

‘साहेब जेवायला गेलेत.’

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.