मनाची खळबळ आणि शरीराची तत्परता
(वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचे वाचन झाले. आता थोड्या निराळ्या विषयावर बोलण्याची अनुज्ञा असावी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, लाखांचे हिशेब मांडणारा. जलतरणाचे जग मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागावर चालते. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लाय शर्यत मायकेल फेल्प्सने ५०.५८ सेकंदांत जिंकली. मिलोराद चाविचला ५०.५९ सेकंद लागले.

अशा शर्यतीत प्रारंभाचे मोल फार. सर्व स्पर्धक स्टार्टिंग ब्लॉकवर निश्चल झाल्यावरच इशारा होतो आणि साधारण ०.६ ते ०.७ सेकंदांत निष्णात जलतरणपटूचे पाय ब्लॉक सोडतात. त्या क्षणी त्याच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन वाढलेले असते, छाती धडधडत असते, तळहात घामेजलेले असतात. ही खळबळ अगदीच नसेल तर प्रतिसाद मंदावतो; अतोनात झाली तर इशाऱ्याआधीच शरीर सुटण्याची भीती, आणि तेथे दुसरी संधी नाही. २००४ साली ऑस्ट्रेलियाच्या निवड स्पर्धेत ४०० मीटर फ्रीस्टाइलचा ऑलिंपिक विजेता इयान थॉर्प इशाऱ्यापूर्वी तोल जाऊन पाण्यात पडला व बाद झाला. कारण काहीही असो, नियमाने विश्वविक्रमवीरालाही सवलत दिली नाही. (पुढे सहकारी क्रेग स्टीव्हन्सने त्या शर्यतीतील आपली जागा सोडली आणि थॉर्पने अथेन्समध्ये सुवर्णपदक मिळवले, हे आवर्जून सांगावेसे वाटते.)

१९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट आढळली होती. काम सोपे असेल तर तीव्र उत्तेजनाही चालते. काम अवघड असेल तर मध्यमच बरी. जलतरणपटूचे पहिले काम सोपे असते. आवाज ऐकायचा आणि झेपावायचे. शिवाय वर्षानुवर्षांच्या सरावाने ते अंगवळणी पडलेले असते.

आमच्या अपघात विभागात येणाऱ्या आप्तांची छातीही तशीच धडधडत असते. परंतु त्यांच्यापुढे काम येते ते अवघड, आणि तेही सरावावाचून: शस्त्रक्रियेचे धोके समजून घेणे, खर्चाचा अंदाज ऐकणे, संमतिपत्रावर सही करणे. "सगळे समजावून सांगितले होते," असे आपण म्हणतो. ऐकणाऱ्याच्या मनात त्यातले किती उतरले, हे क्वचितच विचारतो. त्यांना अशिक्षित वा बेफिकीर समजणे, माझ्या मते, अन्यायाचे आहे.

म्हणून येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात अपघात विभागालगत एका छोट्या संवादकक्षाची तरतूद सुचवली आहे. तेथे बसायला खुर्च्या असतील, प्यायला पाणी असेल आणि मोठ्या अक्षरांत छापलेले मराठी माहितीपत्रक असेल. जेथे रुग्णाच्या प्रकृतीला अवधी परवडेल, तेथे डॉक्टरांनी माहिती दोनदा सांगावी व आप्तांनी ती आपल्या शब्दांत परत सांगितल्यावरच सही घ्यावी, असा प्रस्ताव आहे. विश्वस्त मंडळाने त्यास मान्यता द्यावी, ही विनंती.