फुकट म्हणजे किती?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. हॉटेलच्या बिलावर बोलायला मला का बोलावलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण या विषयाच्या पोटात एक शब्द असा आहे, की त्यावर आम्हा कवींनी शतकानुशतकं कागद काळे केले आहेत. तो शब्द म्हणजे 'वफा'. मराठीत निष्ठा म्हणा, इमान म्हणा. गझलेतला आशिक जन्मभर वफा करतो आणि समोरून काहीच मिळालं नाही म्हणून तक्रार करतो. आजकाल हीच तक्रार हॉटेलांच्या 'लॉयल्टी' सदस्यांच्या तोंडून ऐकू येते. फरक एवढाच, की त्या बिचाऱ्या आशिकाला सदस्य क्रमांक नसायचा.

मलाही हे सगळं ठाऊक झालं ते माझ्या मुलीमुळे. ती पुण्यात नोकरी करते. कामानिमित्त तिला सारखं गावोगाव जावं लागतं. हॉटेलचा खर्च कंपनीचा, पण तिथल्या मुक्कामाचे पॉइंट तिच्या नावावर जमा होतात. असे चार वर्षं तिनं पॉइंट साठवले आणि २०२३ साली आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा फोन करून म्हणाली, "अब्बा, तुम्ही आणि अम्मी डिसेंबरात गोव्याला जायचं. समुद्रकाठचं हॉटेल आहे. तीन रात्री. सगळं फुकट."

आम्ही सोलापूरचे. आमच्याकडे पाणी दिसतं ते सिद्धेश्वरच्या तलावात आणि उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांनी. पत्नीनं समुद्र एकदाच पाहिला होता, मुंबईत, बसच्या खिडकीतून. सकाळी डोळे उघडले की समोर समुद्र दिसावा, एवढी तिची जुनी हौस. रात्रीच्या बसनं आम्ही निघालो.

हॉटेल खरोखर देखणं होतं. काउंटरवर सावंतवाडीकडचा एक मुलगा होता, मराठी बोलणारा, अदबीचा. त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि जरा संकोचून सांगायला सुरुवात केली. खोली बागेच्या बाजूची आहे. समुद्राच्या बाजूची हवी असेल तर रोजचे साडेतीन हजार जादा. सकाळची न्याहारी पॉइंटांत धरलेली नाही. मी म्हटलं, "मुलीच्या कार्डावर न्याहारी आणि वरच्या दर्जाची खोली मिळते म्हणे." तो म्हणाला, "मिळते काका, पण मॅडम स्वतः राहायला आल्या असत्या तर. पाहुण्यांना सिस्टीम घेत नाही." आणि शेवटी त्यानं सांगितलं, की आजची तारीख २४ डिसेंबर. आज रात्रीचं खास जेवण प्रत्येक पाहुण्याला घ्यावंच लागतं. माणशी साडेसहा हजार रुपये, वर कर.

आम्ही दोघं रात्री दूध-भाकरी खाणारी माणसं. मी म्हटलं, आम्ही जेवत नाही. तो म्हणाला, "जेवला नाहीत तरी लागतात, काका."

घरी आम्ही दखनी बोलतो. पत्नी माझ्याकडे वळली आणि अगदी शांतपणे विचारलं, "मुफत बोले तो कित्ता जी?" फुकट म्हणजे किती? श्रोतेहो, पॉइंटांच्या या सगळ्या व्यवहारावर इतका नेमका प्रश्न मी आजवर ऐकलेला नाही.

मी सहकारी बँकेत नोकरी करतो. त्यामुळे परत आल्यावर कवीला बाजूला ठेवून मी कारकुनाला कामाला लावलं, आणि हा मामला काय आहे ते समजून घेतलं.

आपल्याकडे कायमच्या गिऱ्हाइकाला काहीतरी जास्त देण्याची रीत जुनीच आहे. भाजीवाली मावशी माप झाल्यावर वर चार काड्या कोथिंबिरीच्या टाकते. त्याला आपण 'वर घालणं' म्हणतो. ते माप भरल्यानंतर येतं आणि त्याचा हिशेब कुठे लिहिला जात नाही. कंपन्यांनी या रीतीची वही केली. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं प्रवाशांच्या मैलांची खाती उघडली. १९८३ साली हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल साखळ्यांनी तोच रस्ता धरला. इतके मुक्काम करा, एक मुक्काम आमच्याकडून. सुरुवातीला हे सरळ होतं. कोणत्या दर्जाच्या हॉटेलला किती पॉइंट लागतील, याचा तक्ता छापलेला असे. माणूस त्याकडे बघून साठवू शके, जसे आपण पोस्टात आवर्ती खात्यात साठवतो.

मग तक्ते गेले. हिल्टननं आपला तक्ता २०१७ साली काढून टाकला, मॅरियटनं २०२२ साली. आता एका रात्रीला किती पॉइंट लागतील ते मागणी बघून रोज ठरतं. पावसाळ्यातल्या मंगळवारी एक भाव, नाताळात दुसरा. बँकेतल्या माणसाला इथेच धक्का बसतो. पॉइंट हे एक चलन आहे. ते छापते कंपनी, वाटते कंपनी, त्याची किंमत ठरवते कंपनी आणि काही काळ खात्यात हालचाल नसली तर ते रद्दही करते कंपनी. यात रिझर्व्ह बँक कुठेच नाही. तुम्ही चार वर्षं साठवलेलं एका सकाळी कमी किमतीचं झालं, तर विचारायचं कुणाला?

आणि हे चलन खोटं आहे म्हणावं, तर तसंही नाही. २०२० साली करोनामुळे विमानं जमिनीवर उभी राहिली, तेव्हा युनायटेड आणि डेल्टा या अमेरिकी विमान कंपन्यांनी आपल्या सदस्य-योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरची कर्जं उभी केली. आमच्या बँकेत लोक सोनं तारण ठेवतात, घर ठेवतात. गिऱ्हाइकांची निष्ठा तारण ठेवता येते हे मला तेव्हा कळलं. म्हणजे तुमच्या-आमच्या वफेची किंमत बाजारात चांगली आहे. फक्त ती आपल्याला कुणी सांगत नाही.

आता वरच्या खर्चांचं बघू. अमेरिकेत हवाई, फ्लोरिडा अशा समुद्रकाठच्या ठिकाणी 'रिसॉर्ट फी' नावाचा प्रकार आहे. खोलीच्या भाड्यावर रोज ठरावीक रक्कम. कशाबद्दल? तर पोहण्याच्या तलावाजवळचा टॉवेल, किनाऱ्यावरची खुर्ची, इंटरनेट. वापरा की वापरू नका, पैसे द्यायचेच. हिल्टन आणि हयात पॉइंटांवर घेतलेल्या रात्रींना ही फी लावत नाहीत. मॅरियटच्या बऱ्याच हॉटेलांत मात्र पॉइंटांच्या रात्रीलाही ती भरावी लागते. याविरुद्ध तिकडे बरीच ओरड झाली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१२ साली २२ हॉटेल व्यावसायिकांना ताकीद दिली होती. अखेर १२ मे २०२५ पासून नियम लागू झाला, की जाहिरातीत पहिल्यापासूनच सगळी सक्तीची फी धरून पूर्ण किंमत दाखवायची. फी लावायला बंदी नाही, लपवायला आहे.

मालदीवचं उदाहरण आपल्याला जवळचं, कारण आपल्याकडची बरीच नवी जोडपी तिकडे जातात. खोली पॉइंटांवर मिळाली तरी रिसॉर्टच्या बेटावर पोचायचं कसं? स्पीडबोटीनं नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं, आणि त्या विमानाचं जाण्यायेण्याचं भाडं माणशी शेकडो डॉलर. शिवाय रिसॉर्टमध्ये राहणाऱ्याला हरित कर आहे. तो १ जानेवारी २०२५ पासून माणशी एका रात्रीला ६ डॉलरचा १२ डॉलर झाला. दोघं चार रात्री राहिले तर ९६ डॉलर तिथेच गेले. बेटावर दुसरं दुकान नाही, त्यामुळे पाण्याच्या बाटलीपासून सगळं त्यांच्याच भावानं.

आपल्याकडे काय? खोलीचं रोजचं भाडं ७५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के. त्याखाली असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. म्हणजे ७४०० ची खोली आणि ७६०० ची खोली यांच्या बिलात दोनशे नव्हे, जवळपास बाराशे रुपयांचा फरक पडतो. 'सेवा शुल्क' ही वेगळी गोष्ट. तो सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं, की हॉटेलनं किंवा रेस्टॉरंटनं ते बिलात आपोआप लावू नये. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी ही भूमिका उचलून धरली. ते ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगता येतं. आपण सांगत नाही, कारण समोरचा पोरगा हसून बोलतो आणि मागे रांग असते.

हॉटेलवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, रंग टिकत नाही. गोव्यात चार महिने पाऊस. मोसमात जे मिळेल त्यावर वर्षाचे पगार भागवायचे. सदस्यांची गर्दी नेमकी नाताळातच होते आणि प्रत्येकाला समुद्राकडचीच खोली हवी असते. तितक्या खोल्या आणणार कुठून? म्हणून तर नियमांत तो शब्द असतो, 'उपलब्धतेनुसार'. आणि आमच्या त्या सक्तीच्या जेवणाची अट मुलीनं बुकिंग केलं त्या पानावर लिहिलेली होती, हेही कबूल केलं पाहिजे. खाली, बारीक अक्षरात. महाग असणं हा गुन्हा नाही. माझी तक्रार किमतीबद्दल नाहीच. ती सांगण्याच्या वेळेबद्दल आहे. बॅग उचलून माणूस दारात आल्यावर, परत जायला बस नसताना सांगितलेली किंमत ही किंमत नसते, ती अडवणूक असते.

मग करायचं काय? माझा साधा हिशेब सांगतो. समजा खोलीचं रोख भाडं १२,००० रुपये आहे. १८ टक्के कर धरून ते १४,१६० होतं. तीच खोली ४०,००० पॉइंटांना मिळते. म्हणजे एक पॉइंट साधारण ३५ पैशांचा. पण रोख भाड्यात दोन हजारांची न्याहारी आहे आणि पॉइंटांत नाही, तर तोच पॉइंट ३० पैशांवर आला. असा हिशेब निघण्याआधी मांडा. हॉटेलला फोन करून विचारा: माझ्या हातून एकूण किती रुपये जातील? त्या तारखांना सक्तीचं काही आहे का? कार्ड ज्याच्या नावावर आहे तो नसेल तर काय मिळणार नाही? उत्तर ई-मेलवर मागा. आणि फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता उरलेली गोष्ट. ते बिल मुलीला दाखवायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. पण खातं तिच्या नावावर, त्यामुळे बिलाची प्रत तिच्याकडेच गेली. रात्री फोन आला. रडत होती. "अब्बा, त्या पॉइंटांसाठी मी काय काय केलं तुम्हाला माहीत नाही." मग कळलं. कामाच्या जागेजवळ दुसरं चांगलं हॉटेल असायचं, पण पॉइंट बुडू नयेत म्हणून ती लांबच्या या साखळीच्या हॉटेलात उतरायची. परक्या शहरात रात्री दहाला काम संपल्यावर आणखी तासभर टॅक्सीत. चार वर्षं. हा खर्च कुठल्याच तक्त्यात नव्हता आणि माझ्या कारकुनी हिशेबातही नव्हता.

पत्नीनं फोन घेतला. तिला म्हणाली, रडू नकोस, समुद्र आम्ही पाहिला. ते खरं होतं. तिन्ही दिवस आम्ही पहाटे उठून, बाग ओलांडून किनाऱ्यावर गेलो. तिथे मच्छीमार जाळी ओढत होते, गावातली पोरं पळत होती. हॉटेलच्या खुर्च्या मागे राहिल्या होत्या. पत्नीनं चपला हातात घेतल्या आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. बराच वेळ. त्याचं बिल आलं नाही.

मुलगी अजून गावोगाव फिरते. पण आता ती कामाच्या जागेला जवळ असेल ते हॉटेल घेते, मग ते कुठल्या का साखळीचं असेना. रात्री साडेदहाला पोचल्याचा फोन येतो आणि आम्ही दिवे मालवतो.