दार उघडे आहे तोवर
(पालक मेळाव्यातील भाषण)



कॉलेजची थोरवी इमारतीवरून ठरवू नका. ते कोणाला आत घेते, ते पाहा. अमेरिकेतील केंटकी राज्यात बेरिया नावाचे छोटे कॉलेज आहे. १८९२ पासून तेथे शिक्षणाची फी नाही. विद्यार्थी कॉलेजातच काम करून शिकतात. तेथील १९३७ चे पदवीधर जॉन फेन यांना २००२ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण मला सांगायचे आहे ते कार्टर वुडसन यांच्याविषयी. आई-वडील पूर्वी गुलाम होते. वुडसन कोळशाच्या खाणीत राबले आणि विसाव्या वर्षी हायस्कुलात गेले! १९०३ साली ते बेरियाचे पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून काळ्या-गोऱ्यांचे एकत्र शिक्षण बंद केले. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, पण १९०८ साली हरले. काळ्या विद्यार्थ्यांना ते दार पुन्हा उघडायला १९५० साल उजाडले. वुडसन यांनी मात्र १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि आपल्या समाजाचा इतिहास लिहिण्यात हयात घालवली.

पालकहो, मुलगा एकदा नापास झाला, मुलगी सतरा वर्षांची झाली, म्हणून दप्तर माळ्यावर टाकू नका. त्या वयात वुडसन यांनी हायस्कूल पाहिलेही नव्हते. आपल्या मुलांसाठी आज दार उघडे आहे. त्यांना आत पाठवा.

खुदा हाफिज.