स्टार्टअपच्या संस्थापकानं शिकावं कुठून?

स्थिरावलेल्या कंपनीला आपला ग्राहक कोण, तो कशासाठी पैसे मोजतो आणि त्याच्यापर्यंत माल कसा पोचवायचा, हे ठाऊक असतं. नव्यानं निघालेल्या तंत्रज्ञान कंपनीला यातलं काहीच खात्रीनं ठाऊक नसतं. कॅलिफोर्नियातले उद्योजक आणि शिक्षक स्टीव्ह ब्लँक यांनी म्हणूनच स्टार्टअपची व्याख्या अशी केली: पुन्हा पुन्हा राबवता येईल आणि वाढवता येईल, अशा व्यवसायपद्धतीचा शोध घेणारी तात्पुरती संस्था. ही व्याख्या मान्य केली की संस्थापकाचं शिक्षणही बदलतं. व्यवस्थापनाच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात चालता उद्योग कसा चालवावा, हे शिकवतात आणि पाच वर्षांच्या नफ्या-तोट्याची कोष्टकं मांडायला लावतात. ग्राहकच ठरलेला नसेल तर त्या कोष्टकांतला प्रत्येक आकडा अंदाजच असतो.

ही उणीव भरून काढणारं साहित्य गेल्या वीस-बावीस वर्षांत तयार झालं आणि त्याचा मोठा भाग सिलिकॉन व्हॅलीतून आला. ब्लँक यांचं ‘द फोर स्टेप्स टू द एपिफनी’ हे पुस्तक 2005 सालचं. वाचायला ते जड आहे, पण त्यातला विचार सोपा आहे. कचेरीत बसून केलेली प्रत्येक योजना ही अनेक गृहीतकांची यादी असते. संस्थापकानं इमारतीबाहेर पडावं आणि ती गृहीतकं ग्राहकांसमोर एकेक करून तपासावीत. हे काम विक्री विभागावर सोपवून चालत नाही, कारण ऐकलेल्या उत्तरावरून उत्पादन बदलण्याचा अधिकार संस्थापकाकडेच असतो.

ब्लँक बर्कलीच्या विद्यापीठात शिकवत तेव्हा त्यांच्या वर्गात एरिक रीस बसत. रीस यांच्या आयएमव्हीयू या ऑनलाइन गप्पांच्या कंपनीत ब्लँक यांनी पैसे गुंतवले होते आणि संस्थापकांनी वर्गाला यायचं, ही अट घातली होती. या कंपनीनं सहा महिने खपून इतरांच्या संदेशसेवांना जोडता येईल असं एक उत्पादन बांधलं. ते बाजारात आलं तेव्हा कोणी घेईना. मग लोकांना समोर बसवून विचारल्यावर कळलं, की जुन्या मित्रयादीला ही नवी गोष्ट जोडण्यात त्यांना रसच नाही. नव्या ओळखी व्हाव्यात म्हणून त्यांना वेगळी जागा हवी आहे. हजारो ओळींचा प्रोग्रॅम टाकून द्यावा लागला. या अनुभवातून रीस यांचं 2011 सालचं ‘द लीन स्टार्टअप’ हे पुस्तक आलं. एखादी शंका फिटेल एवढंच किमान उत्पादन बनवावं, वापर मोजावा आणि त्यावरून पुढची दिशा ठरवावी, ही त्याची शिकवण. पुष्कळ ठिकाणी ती अर्धवट उचलली जाते. अपुरं, सदोष उत्पादन लोकांसमोर टाकलं म्हणजे प्रयोग झाला, असं रीस यांनी कुठेही म्हटलेलं नाही. प्रयोगातून नेमकं काय जाणून घ्यायचं, हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर हाती आलेल्या आकड्यांचा हवा तो अर्थ काढता येतो.

ग्राहकांशी बोलायचं कसं, हा प्रश्न मात्र या दोन्ही पुस्तकांनंतरही बराचसा उरतो. त्याचं उत्तर रॉब फिट्झपॅट्रिक यांच्या ‘द मॉम टेस्ट’ या छोट्या पुस्तकात आहे. सुरुवातीच्या संस्थापकाला एकच पुस्तक सुचवायचं असेल तर ते हेच. आपली कल्पना आईला सांगितली तर ती प्रेमापोटी छानच म्हणणार. म्हणून प्रश्न असे विचारावेत, की आईलासुद्धा खोटं बोलता येऊ नये. समजा, नाशिक भागातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवणारं ॲप करायचं आहे. ‘असं ॲप आलं तर वापराल का?’ असं विचारलं की बागायतदार पाहुण्याचा मान राखून म्हणतो, ‘चांगलं आहे, करा की.’ या उत्तराला किंमत नाही. मागच्या हंगामात नोंदी कशात ठेवल्या, ती वही दाखवता का, निर्यातदारानं नोंदी मागितल्या तेव्हा किती वेळ गेला, त्यासाठी कोणाला पैसे दिले का, असं विचारलं तर खरी माहिती मिळते. वही नीट ठेवलेली असेल आणि काम अडत नसेल, तर ॲपची गरज नाही. निर्यातीच्या तोंडावर दोन माणसं बसवून जुन्या नोंदी जुळवाव्या लागत असतील, तर गरज आहे आणि तिची किंमतही कळते. भविष्याबद्दल मत विचारायचं नाही, घडलेलं विचारायचं. स्वतः कमी बोलायचं आणि आपली कल्पना शक्यतो सांगायचीच नाही. लाघवी आदरातिथ्याची सवय असलेल्या समाजात हा धडा अधिकच महत्त्वाचा आहे, कारण इथे तोंडावर नकार देणं लोकांना जड जातं.

पुस्तकांइतकाच प्रभाव निबंधांचा आणि व्याख्यानांचा आहे. पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंगस्टन, रॉबर्ट मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल यांनी 2005 साली वाय कॉम्बिनेटर ही संस्था काढली. थोडं भांडवल, काही आठवड्यांचं मार्गदर्शन आणि शेवटी गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण, हा तिचा क्रम नंतर जगभर उचलला गेला. ग्रॅहम यांचे निबंध मोफत वाचता येतात. मोठ्या प्रमाणावर जमणार नाहीत अशी कामं सुरुवातीला हातानं करा, असं सांगणारा त्यांचा 2013 सालचा निबंध प्रत्येक संस्थापकानं वाचावा. घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनी न्यूयॉर्कमध्ये घरोघर जाऊन आपल्या यजमानांना घरांच्या नोंदी सुधारायला मदत केली, हे उदाहरण त्यात येतं. 2014 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात वाय कॉम्बिनेटरचे तेव्हाचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी वीस व्याख्यानांची मालिका घडवून आणली. कल्पना, उत्पादन, माणसं नेमणं, संस्कृती, विक्री अशा विषयांवर प्रत्यक्ष कंपन्या उभ्या केलेले लोक तिथे बोलले. ती व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. वाय कॉम्बिनेटरची ‘स्टार्टअप स्कूल’ ही ऑनलाइन शाळाही मोफत आहे.

उत्पादनाला ग्राहक मिळू लागले, माणसं पाचाची पंचवीस झाली, की संस्थापकाचं कामच बदलतं. स्वतः प्रोग्रॅम लिहिणारा माणूस दिवसभर बैठकांत अडकतो आणि आज आपण काहीच केलं नाही, या भावनेनं घरी जातो. यावर आजही सगळ्यांत उपयोगी पडणारं पुस्तक 1983 सालचं आहे: इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांचं ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’. बुडापेस्टमध्ये जन्मलेले, 1956 च्या उठावानंतर देश सोडून अमेरिकेत आलेले ग्रोव्ह इंटेलमध्ये तिच्या स्थापनेपासून होते. व्यवस्थापकाचं काम किती झालं, हे त्याच्या गटाच्या आणि त्याचा प्रभाव पडणाऱ्या शेजारच्या गटांच्या कामावरून मोजावं, हे त्यांचं सूत्र. प्रत्येक सहकाऱ्याबरोबर ठरलेल्या वेळी दोघांनीच बसावं आणि त्या भेटीचे विषय सहकाऱ्यानं आणावेत, वरिष्ठानं नव्हे, अशा बारीक सूचना त्यात आहेत. एखाद्या कामात नवख्या माणसाला रोज पाहावं आणि त्याच कामात मुरलेल्याला मोकळं सोडावं, हेही ग्रोव्ह सांगतात. एकच माणूस एका कामात मुरलेला आणि दुसऱ्यात नवखा असू शकतो, ही त्यांची नोंद लहान कंपनीत रोज उपयोगी पडते. तांत्रिक प्रमुखांसाठी कॅमिल फोर्निए यांचं ‘द मॅनेजर्स पाथ’ आहे. वाईट दिवसांसाठी बेन होरोविट्झ यांचं ‘द हार्ड थिंग अबाउट हार्ड थिंग्ज’ आहे. लोकांना कामावरून कमी करावं लागलं तर ते कसं सांगायचं, यावर इतकं स्पष्ट लिहिलेलं क्वचितच सापडतं.

भांडवल उभारणीच्या शिक्षणात मात्र अज्ञान फार महाग पडतं. ब्रॅड फेल्ड आणि जेसन मेंडेलसन यांचं ‘व्हेंचर डील्स’ हे गुंतवणुकीच्या करारातली कलमं एकेक उलगडून सांगतं. त्यातलं एक कलम विक्रीच्या वेळच्या अग्रहक्काचं. समजा, गुंतवणूकदारानं पाच कोटी रुपये देऊन वीस टक्के हिस्सा घेतला आणि पुढे कंपनी आठ कोटींना विकावी लागली. आपल्याकडे ऐंशी टक्के आहेत, म्हणजे सहा कोटी चाळीस लाख येतील, असा संस्थापकांचा हिशेब असतो. साध्या अग्रहक्कात गुंतवणूकदार आपले पाच कोटी आधी काढून घेतो आणि बाकीच्यांना तीन कोटीच उरतात. अग्रहक्कासोबत उरलेल्या रकमेतही वाटा घेण्याची तरतूद असली, तर त्या तिनांतले आणखी साठ लाख जातात. कंपनीचं मूल्यांकन किती ठरलं, याच्या बातम्या होतात. निकाल बहुधा या कलमांनी लागतो. सही करण्याआधी संस्थापकानं हा हिशेब स्वतःच्या हातानं कागदावर करायला हवा.

इथेच अमेरिकी साहित्याची मर्यादाही दिसते. पैसे आधी घेऊन भाग नंतर देण्याचा, वाय कॉम्बिनेटरनं 2013 साली रूढ केलेला ‘सेफ’ हा करार भारतात जसाच्या तसा उतरत नाही. त्याऐवजी इथली कंपनी भारतीय कंपनी कायद्याखाली अनिवार्यपणे रूपांतर होणारे अग्रहक्क भाग काढते. शासनमान्य स्टार्टअपला परिवर्तनीय नोट, म्हणजे पुढे भागांत बदलता येणारं कर्ज, हीही काढता येते, पण तिला किमान पंचवीस लाखांची अट आहे. परकीय भांडवल आलं की परकीय चलनाचे नियम लागतात. उधारीचा प्रश्न तर अमेरिकी पुस्तकांत जवळजवळ येतच नाही. मोठा ग्राहक बिल थकवतो आणि लहान कंपनीचा पगार अडतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात, पण त्यासाठी उद्योगाची नोंदणी वेळेवर केलेली हवी. ही माहिती चांगल्या सनदी लेखापालाकडून आणि कंपनी सचिवाकडून मिळते आणि ती कंपनी स्थापन करतानाच विचारून घ्यावी.

भारतातली उबवण केंद्रं, म्हणजे इन्क्युबेटर, हीही शिकण्याच्या जागा आहेत. आयआयटी मुंबईचं ‘साइन’ 2004 पासून काम करतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात असलेलं व्हेंचर सेंटर विज्ञानावर आधारित उद्योगांना प्रयोगशाळेपासून पेटंटपर्यंत मदत करतं. जीवशास्त्र किंवा नव्या पदार्थांवर काम करणाऱ्या संस्थापकाला सॉफ्टवेअरच्या पुस्तकांतला वेग लागू पडत नाही. त्याला अशी जागाच हवी. केंद्र सरकारनं 16 जानेवारी 2016 रोजी स्टार्टअप इंडिया मोहीम सुरू केली. तिच्याखाली 2021 मध्ये 945 कोटी रुपयांची बीज भांडवल योजना आली. तिच्यात कल्पना सिद्ध करण्यासाठी वीस लाखांपर्यंत अनुदान उबवण केंद्रांमार्फतच देण्याची तरतूद होती. म्हणजे पैसे आणि मार्गदर्शन एकाच दारातून.

सर्वांत दुर्मीळ साधन म्हणजे आपल्यापेक्षा दोनच पावलं पुढे असलेला संस्थापक. फार मोठ्या यशस्वी माणसाला पहिल्या दहा ग्राहकांचे दिवस नीटसे आठवत नाहीत आणि आठवतात ते गोड होऊन. दोन वर्षांपूर्वी त्याच अडचणीतून गेलेला माणूस मात्र कोणत्या वकिलानं करार केला, पहिला विक्रेता का टिकला नाही, किंमत वाढवली तेव्हा किती ग्राहक गेले, हे नेमकं सांगतो. आयस्पिरिट या संस्थेनं 2013 पासून सॉफ्टवेअर उत्पादनं करणाऱ्या भारतीय संस्थापकांच्या गोलमेज बैठका घेतल्या, त्या याच विचारानं: मोजके लोक आणि एकच विषय. सिलिकॉन व्हॅलीत 1992 साली सुरू झालेल्या टाय या संघटनेच्या शाखा मुंबईत आणि पुण्यातही आहेत. असं काही जवळ नसेल, तर चार-पाच संस्थापकांनी महिन्यातून एकदा भेटून आपले खरे आकडे एकमेकांपुढे ठेवले तरी पुरतं. आकडे लपवले तर त्या बैठकीचा उपयोग संपतो.

या साऱ्यात संस्थापकाचा वेळ थोडा असतो. म्हणून समोरच्या अडचणीपुरतंच एक पुस्तक घ्यावं आणि त्यातलं एक काम पुढच्या पंधरवड्यात करून पाहावं. त्यासोबत ग्राहकांच्या मुलाखतींची टिपणं, दर आठवड्याचे मोजके आकडे आणि प्रत्येक मोठ्या निर्णयामागचं कारण तारखेसह एका वहीत लिहून ठेवावं. नवा सहकारी रुजू झाला, की त्याला सर्वांत आधी ही वही वाचायला द्यावी. आपल्या कंपनीच्या ग्राहकांबद्दलची ही माहिती बाजारातल्या कोणत्याच पुस्तकात नसते.