बाबांचं होल्स्टर: क्रॉस-ड्रॉ कशासाठी, आणि कधी नाही

आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावतील. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, दिवसभर कोड लिहितो, आणि आज बोलणार आहे रिव्हॉल्वरच्या चामडी होल्स्टरबद्दल. रिव्हॉल्वर माझं नाही, बाबांचं आहे. होल्स्टर शोधायचं काम मात्र माझ्याकडे आलं, आणि त्यात सहा महिने गेले.

आधी पार्श्वभूमी सांगतो. आमची कोल्हापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सराफी पेढी आहे. बाबा चांदीच्या मालासाठी हुपरीला स्वतः गाडी चालवत जातात. त्यांच्याकडे परवान्याचं .32 बोअरचं रिव्हॉल्वर आहे, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, वजन साधारण 700 ग्रॅम. इतकी वर्षं ते उजव्या कमरेला एका मऊ कव्हरमध्ये असायचं. बाबा होल्स्टरला कव्हरच म्हणतात.

गेल्या वर्षी घरी एक कार्यक्रम होता. बाबा खाली पडलेली अक्षतांची वाटी उचलायला वाकले आणि रिव्हॉल्वर कव्हरमधून सटकून फरशीवर पडलं. माझी चार वर्षांची भाची तीन हातांवर बसली होती. गोळी सुटली नाही. पण तो आवाज माझ्या अजून कानात आहे. कोणी काही बोललं नाही. रात्री बाबा एवढंच म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना? मग बघ जरा हे."

तर पहिला धडा तिथेच मिळाला. आपल्याला वाटतं होल्स्टर म्हणजे शस्त्र पटकन काढायची सोय. पण दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस त्याचं काम एकच: शस्त्र बाहेर येऊ न देणं. काढायची वेळ बहुतेकांवर आयुष्यात येत नाही. पडायची वेळ रोज येते.

दुसरी गोष्ट, कायदा. आपल्याकडे शस्त्र नियम, 2016 नुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर ती होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवी. म्हणजे पॅंटच्या पट्ट्यात नुसती खोचणं, शर्ट वर करून दाखवणं, हे सिनेमातच ठीक. आणि परवाना माणसाच्या नावाचा असतो. बाबांचा परवाना म्हणजे माझा नव्हे. म्हणून मी सगळी मापं बाबांच्या समोर, रिकाम्या रिव्हॉल्वरवर, व्हर्नियरने घेतली आणि सुताराकडून एक लाकडी साचा करून घेतला. पुढचं सगळं काम त्या लाकडाच्या तुकड्यावर झालं.

आता क्रॉस-ड्रॉ म्हणजे काय? उजव्या हाताचा माणूस होल्स्टर उजव्या कमरेला न लावता डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या थोडं पुढे लावतो. मूठ उजव्या हाताकडे वळलेली असते. हात पोटावरून आडवा जातो आणि मूठ पकडतो.

हे का सुचलं, तर बाबांच्या पाकिटावरून. मधुमेहामुळे त्यांचा उजवा खांदा आखडलाय, फ्रोजन शोल्डर. मागच्या खिशातलं पाकीट त्यांनी कधी शर्टाच्या खिशात ठेवायला सुरुवात केली, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. उजव्या कमरेवरून शस्त्र काढायचं तर कोपर मागे न्यावं लागतं. तेच त्यांना जमत नाही. पोटासमोर हात आणणं मात्र जमतं. शिवाय पेढीवर ते गादीवर मांडी घालून, लोडाला टेकून बसतात. उजवी कमर लोडात दबलेली. डावी पुढची बाजू मोकळी. म्हणजे शरीर आणि बसायची जागा, दोन्ही क्रॉस-ड्रॉच्या बाजूने.

मी खूष झालो. अमेरिकन व्हिडिओ बघितले. सगळे सांगत होते, क्रॉस-ड्रॉ गाडी चालवणाऱ्यासाठी सर्वांत उत्तम. बाबांना म्हटलं, "बाबा, झालं काम, तुमच्यासाठीच बनलंय हे."

मग एका रविवारी लाकडी साचा कमरेला लावून बाबा गाडीत बसले. सीट बेल्ट लावला. आणि बेल्टचा तिरका पट्टा येऊन बसला तो थेट मुठीवर!

मंडळी, तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. बेल्ट डाव्या खांद्यावरून येतो आणि उजव्या कमरेजवळ अडकतो, म्हणून डावी पुढची बाजू बऱ्यापैकी मोकळी राहते. आपल्याकडे उलटं. बेल्ट उजव्या खांद्यावरून येतो आणि डाव्या कमरेशी, नेमका होल्स्टरच्या जागी अडकतो. मी दुसऱ्या देशाचं उत्तर जसंच्या तसं कॉपी-पेस्ट केलं होतं. कोडमध्ये ज्युनिअरनी असं केलं तर मी रिव्ह्यूमध्ये झापतो.

पण खरी गोष्ट बेल्टची नव्हतीच. आई शेजारी बसली होती. तिने खाली बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे नळकांडं माझ्याकडे का?"

क्रॉस-ड्रॉमध्ये नळीचं तोंड खाली, मागे आणि डावीकडे असतं. काढताना ते डाव्या बाजूने फिरत पुढे येतं. अमेरिकेत चालकाच्या डावीकडे दार असतं. आपल्याकडे डावीकडे शेजारची सीट असते, आणि त्या सीटवर आपलं माणूस. क्रॉस-ड्रॉचा हा जुनाच दोष आहे, आणि म्हणूनच अनेक शूटिंग रेंजवर त्याला परवानगी नसते. मी तो वाचला होता. पण वाचणं वेगळं, आणि आईने विचारणं वेगळं.

दुसरा दोषही सांगून टाकतो. मूठ समोरच्या माणसाकडे असते. गर्दीत समोरच्याचा हात तिथे सहज पोचतो. म्हणजे यात्रा, एसटी स्टँड, लग्नाचा मांडव, इथे क्रॉस-ड्रॉ नकोच.

एवढं कळल्यावरही आम्ही क्रॉस-ड्रॉच केलं, पण अटी घालून. चामड्याचं काम कोल्हापुरी चपला बनवणाऱ्या एका मामांनी केलं. त्यांनी आधी माझंच जुनं कव्हर दोन बोटांत चिमटीत दाबलं आणि म्हणाले, "हे कापडावाणी आहे. तोंड मिटतंय बघा." हाच मोठा धोका. शस्त्र बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटत असेल, तर परत ठेवताना चामड्याची दुमड ट्रिगरमध्ये अडकू शकते आणि गोळी सुटू शकते.

म्हणून चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं घेतलं, साधारण साडेतीन मिलिमीटर जाड. क्रोमवर कमावलेलं चामडं मऊ पडतं, साच्याचा आकार धरून ठेवत नाही. मामांनी चामडं ओलं करून साच्यावर दाबलं आणि दोन दिवस सावलीत वाळवलं. तोंडाला जास्तीची पट्टी शिवली. ट्रिगर पूर्ण झाकला. वरून टिचबटणाचा पट्टा. कल जवळजवळ नाहीच, म्हणजे नळी शेजारी न बघता सरळ खाली बघेल. आणि कमरेचा पट्टा नवीन, दीड इंची, कडक. पट्टा लुळा असेल तर कितीही चांगलं होल्स्टर लोंबकळतं, हे बरेच जण विसरतात.

चाचणी सोपी. रिव्हॉल्वर रिकामं, दोनदा तपासलेलं. होल्स्टरमध्ये ठेवून गादीवर उलटं धरायचं आणि हलवायचं. टिचबटण न लावताही पडता कामा नये. मग बाबा वाकले, मांडी घालून बसले, उठले. चार दिवस असंच, रिकामं.

देखभालीचं एक सांगतो. घरी आल्यावर शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओलावा धरतं, आणि आपल्या पावसाळ्यात लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. तेल चोपडू नका, चामडं मऊ पडेल. थोडं मेण पुरतं.

गाडीचं काय ठरलं? मला वाटलं होतं बाबा बेल्ट सोडून देतील. ते म्हणाले, "गाडीत मला ते काढायचंच नाहीये. कोणी आडवं आलं तर पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. आणि चांदीचा विमा आहे, माझा जीव दुकानात मिळत नाही." बेल्ट रोज लागतो. होल्स्टर घरी चढतं, घरीच उतरतं, मध्ये हात लागत नाही.

आणि आई बरोबर असेल त्या दिवशी रिव्हॉल्वर तिजोरीत राहतं. हे मी सांगितलं नाही, बाबांनीच ठरवलं. गेल्या महिन्यात दोघं जोतिबाला निघाले होते. बाबांनी कमरेवर हात फिरवला, काही नाही म्हणून जरा अस्वस्थ झाले. आई बेल्ट लावत म्हणाली, "चला आता. इतकी वर्षं मीच बसलेय ना शेजारी."

तुमच्या घरात परवान्याचं शस्त्र असेल, तर आज एवढंच करा. ते रिकामं करून बघा, कव्हर उलटं धरा. पडलं, तर ते कव्हर उद्यापासून वापरू नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.