दार लावून घेणारं गाव

मागच्या बैठकीत आम्ही बचतीचा हिशेब लवकर आटोपला आणि लॅपटॉपवर पिक्चर लावला. ‘हाय नून’, १९५२ सालचा अमेरिकेचा. काळा-पांढरा, घोड्यांचा अन् बंदुकांचा. इंग्रजी बोलणं आलं की आम्ही थांबवायचो आणि मराठीत सांगायचो. दहा मिनिटांत एक मावशी म्हणाल्या, "हा तं शोलेच होय व माय!"

मावशींचं काही फार चुकलं नाही. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला आला आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला. अशा पिक्चरांची मांडणी त्या अमेरिकन पिक्चरांवरूनच आलेली आहे. आडरानातलं गाव, पोलीस लांब, धान्य मागायला आलेले दरोडेखोर. आमच्यातल्या कितीतरी जणींना पोटासाठी टांगा हाकणारी बसंती जय-वीरूपेक्षा जास्त आवडते, हेही सांगून टाकतो.

पण घोडेस्वारांच्या या गोष्टी आपल्याला परक्या का वाटत नाहीत? आम्हाला एक कारण सापडलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसात युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला जाणं बंद पडलं, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. पुढे १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वे आली ती कापसासाठीच. अमेरिकेत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्याकडे जाणारी रेल्वे त्याच्या आदल्याच वर्षी, १८६९ ला जोडली गेली. या पिक्चरांत दाखवतात तो काळ बहुतेक हाच. रूळ येतात, पैसा येतो, दुकानं येतात, अन् कायदा मात्र मागून चालत येतो. तेवढ्या वेळात दांडगाई करणाऱ्यांचं फावतं.

‘हाय नून’मधला फौजदार त्याच दिवशी लग्न करून नोकरी सोडायला निघालेला असतो. तेवढ्यात कळतं की त्यानं पकडून दिलेला गुंड सुटला आणि दुपारी बाराच्या गाडीनं येतोय. तीन साथीदार स्टेशनवर वाट पाहत बसलेत. फौजदार दारोदार जाऊन माणसं मागतो. कोणी घरात असून बायकोला सांगतो, मी नाही म्हण. चर्चमध्ये भरलेली सभा नुसती चर्चा करते. सारखं घड्याळ दाखवतात. गोळीबार तर अगदी शेवटी होतो, तोही थोडाच. त्याची बायको हिंसा न मानणाऱ्या पंथाची, ती गाडीत बसलेली असते. गोळीचा आवाज ऐकून ती उतरते आणि परत धावत येते.

"मी नाही म्हण" हा प्रसंग आला तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही. कारण गेल्या वर्षी आमच्याच गल्लीत एका मैत्रिणीचा हप्ता थकला होता. वसुलीचा माणूस सकाळपासून तिच्या ओट्यावर बसून होता, अंधार पडेपर्यंत. तिची पोरं शाळेतून मागच्या दारानं घरात आली. आम्ही सगळ्या घरीच होतो. मोठमोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. एकीनंही दार उघडलं नाही. आम्ही समन्वयक म्हणवतो, आमचंही लावलेलंच होतं.

ती मैत्रीण त्या दिवशी पिक्चरला आली होती. फौजदाराची बायको गाडीतून उतरली तेव्हा ती हळूच म्हणाली, "हिले काऊन भेव नाही वाटलं?" दुसरी म्हणाली, "वाटलंच असन. तरी आली ना."

मग लॅपटॉप बंद करून आम्ही बोलत बसलो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी अन् संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, धमकी, शिवीगाळ चालत नाही. वसुली ठरवून दिलेल्या जागीच करायची. कर्जदार तिथं लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा आली नाही, तरच घरी यायचं. हे आम्ही फळ्यावर लिहिलं. हप्ता द्यायचाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कोणाच्या ओट्यावर असा माणूस बसला तर शेजारच्या दोघींनी आपलं निवडणं-टिपणं घेऊन तिथंच जाऊन बसायचं, असं ठरलं. पहिलं नाव त्या शोलेवाल्या मावशींनी स्वतःचं लिहायला सांगितलं. दुसरं आमचं आहे.

पुढच्या बैठकीला ‘शोले’ लावायचा आहे. तीन तासांपेक्षा मोठा पिक्चर आहे, तेव्हा भाजी आधीच चिरून ठेवा.